आग विझली, साग उरला

उपनगरांत आता गल्लीगणिक असं एक तरी घर सापडतं, जिथली लेक किंवा मुलगा लंडनला नोकरीला आहे. मग एखाद्या उन्हाळ्यात मुलुंडचे, बोरिवलीचे आई-बाबा महिनाभर तिकडे राहायला जातात आणि एका रविवारी ग्रिनिचला ‘कटी सार्क’ बघायला नेले जातात. चीनचा चहा लंडनला आणण्यासाठी बांधलेलं हे शिडाचं जहाज कोरड्या गोदीत जमिनीपासून उचलून ठेवलं आहे. त्याच्या पोटाखालून चालता येतं. डोक्यावर पिवळ्या धातूच्या पत्र्यांनी मढवलेला तळ आणि समोर सुरीच्या पात्यासारखी निमुळती होत गेलेली नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. लोक तिथे उभे राहून फोटो काढतात.

त्या नाळेचं मूळ आपल्या शहरात आहे. कटी सार्कच्या मालकाने आपल्या नव्या जहाजाच्या आराखड्यासाठी नमुना म्हणून दाखवलं होतं ते एक जुनं जहाज. ते मुंबईच्या गोदीत, मुंबईच्या कारागिरांनी, सागवानात बांधलेलं होतं. मुळात ते शिडाचं व्यापारी जहाजही नव्हतं. दोन्ही कुशींना भलीमोठी चाकं असलेली ती वाफेवर चालणारी युद्धनौका होती. तिचं नाव ‘पंजाब’. इंजिन काढून टाकल्यावर तिची खरी कीर्ती झाली. म्हणून ही गोष्ट वाफेची आहे, आणि वाफेपेक्षा जास्त लाकडाची व हातांची आहे.

आगगाडी आणि आगबोट

१६ एप्रिल १८५३ या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी, ३४ किलोमीटरचं अंतर. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या नावांच्या आजच्या गर्दीच्या स्टेशनांच्या जागी तेव्हा भातखाचरं, मिठागरं आणि खाडीकाठची खारफुटी होती. त्या शिवारातून धूर सोडत ती गाडी गेली. उपनगर नावाची वस्ती पुढे ज्या रुळांभोवती वाढली, त्यांचा हा पहिला दिवस.

आपण वाफेची गोष्ट सांगायला लागलो की इथूनच सुरुवात करतो. पण मुंबईत वाफ जमिनीवर येण्याआधी वीस-पंचवीस वर्षं पाण्यावर आली होती. म्हणूनच त्या काळच्या मराठीने दोन्ही शब्द जोडीने घडवले : आगगाडी आणि आगबोट. आजही कोकणातल्या जुन्या माणसाच्या तोंडी ‘बोट’ म्हटलं की आगबोटच असते.

मुंबईत बांधलेली पहिली आगबोट १८२९ साली पाण्यात उतरली. तिचं नाव ‘ह्यू लिंडसे’, वजन ४११ टन, ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. ती बांधली नवरोजी जमशेटजी वाडिया यांनी. तिचं काम होतं मुंबईची टपाल तांबड्या समुद्रातून सुएझला पोचवण्याचं. तिथून टपाल उंटांवरून आणि होड्यांतून भूमध्य समुद्रापर्यंत जाई आणि पुढे विलायतेला. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जायला कित्येक महिने लागत. हा जवळचा रस्ता होता, पण शिडाच्या जहाजांना तो वर्षाचे बरेच महिने बंद असे, कारण तांबड्या समुद्रातला वारा तोंडावर येई.

२० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन तिला घेऊन निघाले. बोटीत कोळसा मावत होता जेमतेम साडेपाच दिवसांचा, आणि एडनला पोचायला लागणार होते त्याच्या दुप्पट दिवस. म्हणून डेकवर, प्रवाशांच्या खोल्यांत, जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला. ओझ्याने बोट इतकी खाली बसली की चाकं पाण्यात बुडून नीट फिरेनात. अकरा दिवसांनी ती एडनला लागली तेव्हा कोळसा काही तासांपुरताच उरला होता. २२ एप्रिलला ती सुएझला पोचली. मधले कित्येक दिवस वाटेत कोळसा भरण्यात गेले, तरीही साधारण एका महिन्यात मुंबई ते सुएझ!

या एका सफरीत वाफेच्या जहाजाची सगळी ताकद आणि सगळं दुखणं दिसतं. वारा नसला तरी बोट चालते, पण कोळसा संपला की ती समुद्रात पडलेला ओंडका होते. १८३९ साली इंग्रजांनी एडन ताब्यात घेतलं, त्यामागचं एक मोठं कारण हेच. आगबोटींना वाटेत कोळशाची कोठारं हवी होती.

गोदीतली माणसं

ही बोट बांधणारं वाडिया घराणं मूळचं सुरतेचं. लवजी नसरवानजी १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून सुरतेहून सुतारांची तुकडी घेऊन मुंबईला आले आणि पुढची दीडशे वर्षं या घराण्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबई गोदीचे मुख्य जहाजबांधे राहिले. त्यांच्या हातून उतरलेली जहाजं जगभर गेली. १८४२ साली चीनने ज्या करारावर सही करून हाँगकाँग इंग्रजांना दिलं, तो नानकिंगचा करार ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर झाला. ते मुंबईत बांधलेलं. १८१७ साली मुंबईत बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगतं आहे.

याचं कारण सागवान. मलबारच्या जंगलांतून येणारे ओंडके मुंबईत उतरत. इंग्लंडात जहाजं ओक लाकडाची बांधत. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचं लाकूड सडतं. सागाचं उलट आहे. त्यातलं तेल लोखंडाला जपतं, किडीला दूर ठेवतं आणि उन्हापावसात लाकूड फारसं आकसत-फुगत नाही. तोफेचा गोळा लागला तरी सागाच्या ओकासारख्या ढलप्या उडत नाहीत, आणि लाकडी युद्धनौकेवर गोळ्यांपेक्षा या उडणाऱ्या ढलप्यांनी जास्त माणसं मरत.

त्यावर हाताचं कसब. सुरत-मुंबईचे सुतार फळीला फळी नुसती टेकवून ठेवत नसत. एका फळीच्या काठाला खाच, दुसरीच्या काठाला त्या खाचेत बसणारी जीभ अशी ती एकमेकींत अडकवत. सांध्यात कापूस आणि तेलमिश्रित चुना भरला की दोन फळ्यांची एक फळी होई. अठराव्या शतकापासून युरोपी प्रवाशांनी या जोडकामाची आवर्जून नोंद केली आहे.

या घराण्यात वाफेचं वेड लागलेला एक तरुण निघाला : अर्देशीर कर्सेटजी वाडिया, जन्म १८०८. गोदीत लाकडी जहाजं बांधायला शिकत असतानाच त्याचं मन यंत्रांकडे ओढलं गेलं. १८३३ साली त्याने ‘इंडस’ नावाची छोटी आगबोट पाण्यात उतरवली. पुढच्या वर्षी माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. मग तो विलायतेला जाऊन कारखाने बघून आला आणि १८४१ साली मुंबईच्या ‘स्टीम फॅक्टरी’चा मुख्य अभियंता झाला. तिथे युरोपी कारागीर त्याच्या हाताखाली काम करत होते. त्या काळातल्या अनेक इंग्रजांना हे पचलं नाही आणि वर्तमानपत्रांतून टीकाही झाली, पण तो १८५७ पर्यंत त्या जागेवर राहिला. ती जागा मिळाली त्याच वर्षी, म्हणजे २७ मे १८४१ रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. हा मान मिळालेला तो पहिला भारतीय. दुसरे श्रीनिवास रामानुजन, आणि त्यांना तो मान मिळाला १९१८ साली, म्हणजे ७७ वर्षांनी.

अर्देशीरचे चुलतभाऊ जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हेसुद्धा १८३८ साली जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले होते. मुंबईची गोदी जुन्या हातांवर विसंबून बसलेली नव्हती. जग बदलतंय हे तिला कळत होतं आणि ती शिकत होती.

चाक कसं चालायचं

अशा गोदीत १८५४ साली, म्हणजे आगगाडी धावल्याच्या पुढच्याच वर्षी, दोन मोठ्या चाकी युद्धनौका पाण्यात उतरल्या : ‘असाई’ आणि ‘पंजाब’. आराखडा इंग्रज नौकारचनाकार ऑलिव्हर लँग यांचा, बांधणी मुंबईची. मुख्य जहाजबांधे होते कर्सेटजी रुस्तमजी वाडिया. पंजाबची लांबी सुमारे २५० फूट, भार सुमारे १८०० टन, इंजिन सुमारे ७०० अश्वशक्तीचं, आणि मोजक्याच पण जबर मोठ्या दहा तोफा. मुंबईत बांधलेल्या लढाऊ आगबोटींत या दोघी सर्वांत मोठ्यांपैकी.

चाकी आगबोट समजून घ्यायची तर रहाट डोळ्यांसमोर आणावा. विहिरीवरच्या रहाटाला जसे पोहरे, तशा या चाकाच्या परिघावर आडव्या फळ्या. बोटीच्या दोन्ही कुशींना एकेक चाक, आणि दोन्हींच्या मधून बोटीच्या पोटातून आरपार गेलेला जाड लोखंडी आस. भट्टीत कोळसा जळतो, बाष्पकात पाणी उकळतं, वाफ नळकांड्यातला दट्ट्या पुढे-मागे सरकवते आणि दट्ट्या तो आस फिरवतो. चाक फिरलं की खालच्या फळ्या पाणी मागे ढकलतात आणि बोट पुढे जाते. हजारो वर्षं माणूस वल्ह्याने जे करत आला तेच काम, फक्त हात लोखंडाचे.

खाली, भट्टीसमोर, मात्र माणसाचेच हात होते. कोळसा ओढणारे आणि आगीत फावड्याने टाकणारे आगवाले, त्यांच्यावर टिंडेल, डेकवरच्या खलाशांवर सारंग. हे शब्द आपल्या किनाऱ्याच्या बोलीत अजून जिवंत आहेत, कारण कोकणातल्या गावागावांतून कित्येक पिढ्या माणसं जहाजांवर हीच कामं करायला गेली. तांबड्या समुद्राच्या उन्हाळ्यात भट्टीसमोर उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक.

चाकाचे गुण मोठे होते. वारा नसताना, उथळ पाण्यात, नदीच्या मुखात चाकी बोट सहज वळे आणि दुसऱ्या जहाजाला ओढूनही नेई. पण युद्धात चाक म्हणजे बोटीचं उघडं मर्म. एक गोळा चाकावर बसला की बोट लंगडी. शिवाय चाकांनी आणि त्यांच्यावरच्या पेटीसारख्या आवरणांनी बोटीच्या कुशीची नेमकी मधली जागा अडवलेली. तिथे तोफा ठेवता येत नाहीत, म्हणून तोफा कमी. समुद्र खवळून बोट कुशीवर कलली की एक चाक पाण्यात खोल रुततं, दुसरं हवेत नुसतं फिरतं आणि इंजिनाला हिसके बसतात. आणि ‘ह्यू लिंडसे’ने पहिल्याच सफरीत भोगलेली अडचण : निघताना बोट कोळशाने जड, म्हणून चाक फार बुडतं, पोचताना हलकी, म्हणून चाक पाण्याला पुरतं पोचत नाही. ते मनाजोगं बुडलेलं असतं फक्त मधल्या काही दिवसांत.

यावर उत्तर निघालं होतं. बोटीच्या मागे, पूर्णपणे पाण्याखाली फिरणारा पंखा. एप्रिल १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने दोन आगबोटींची रस्सीखेच लावली. पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ शेपटीला शेपटी बांधून उलट दिशांना पूर्ण वाफेवर सोडल्या. रॅटलरने अलेक्टोला, तिची चाकं पुढच्या दिशेने फिरत असतानाही, अडीच नॉटच्या आसपास वेगाने मागे फरफटत नेलं. म्हणजे पंजाब पाण्यात उतरण्याआधी नऊ वर्षं चाकी युद्धनौकेचा निकाल लागला होता. पंजाब जन्मली तेव्हाच तिचं यंत्र म्हातारं झालं होतं. तिचं शरीर मात्र तसं नव्हतं, आणि पुढची सगळी गोष्ट या फरकाची आहे.

कोणासाठी लढली

दोन्ही जहाजांची नावं बघा. पंजाब हे शिखांचं राज्य इंग्रजांनी १८४९ साली खालसा केलं, त्याचं स्मरण. असाई म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. मराठ्यांच्या पराभवाचं नाव मुंबईत बांधलेल्या जहाजावर कोरलं गेलं. ते बांधणाऱ्या हातांना कोणी विचारलं नसेल, पण आपण ते नाव वाचताना थबकतोच.

ही जहाजं ‘इंडियन नेव्ही’ची होती, म्हणजे मुंबई सरकारच्या आरमाराची. १८५६ साली इराणने हेरात घेतल्यावर इंग्रजांनी इराणशी युद्ध पुकारलं आणि मुंबईच्या बंदरातून मोठा ताफा इराणच्या आखाताकडे निघाला. डिसेंबरात बुशहर पडलं. २६ मार्च १८५७ रोजी मोहम्मरा या नदीकाठच्या इराणी गावातल्या तोफखान्यावर आगबोटींनी भडिमार केला. नदीच्या मुखातली ती लढाई चाकी बोटींसाठी जणू आखलेलीच होती. प्रवाहाविरुद्ध जाता येत होतं, शिडाच्या जहाजांना ओढून जागेवर आणता येत होतं. वाऱ्याची वाट पाहणारं आरमार तिथे हतबल झालं असतं.

मोहम्मराहून सैन्य परतलं तेव्हा उत्तर हिंदुस्थान १८५७ च्या उठावाने पेटला होता. पंजाब बंगालकडे धाडली गेली आणि तिच्यावरचे, तसंच ‘झेनोबिया’ या दुसऱ्या आगबोटीवरचे नौसैनिक ढाक्याला जमिनीवर उतरवले गेले. २२ नोव्हेंबर १८५७ च्या पहाटे त्यांनी लालबागच्या किल्ल्यातल्या ७३व्या देशी पलटणीच्या शिपायांची शस्त्रं काढून घ्यायचा प्रयत्न केला. शिपायांनी तोफ रोखली. लढाई झाली आणि चाळीसच्या आसपास शिपाई मारले गेले. त्या तोफेवर चाल करून जाणाऱ्या पंजाबवरच्या आर्थर मेयो या सतरा वर्षांच्या मिडशिपमनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोर पडलेल्या शिपायांची नावं त्या सन्मानाच्या कागदावर नाहीत.

पंजाबचं लढाऊ आयुष्य इथे जवळजवळ संपतं. हे लिहिताना मन दोन्हीकडे ओढलं जातं. आपल्या माणसांनी बांधलेलं एक देखणं जहाज आणि त्यावरून उतरून आपल्याच माणसांवर चालून गेलेली तुकडी, या दोन्ही गोष्टी एकाच जहाजाच्या आहेत. कारागिराला गिऱ्हाईक निवडता येत नव्हतं. त्याचं काम त्याच्या हातात होतं, त्या कामाचा उपयोग नव्हता.

इंजिन निघालं

३० एप्रिल १८६३ रोजी इंडियन नेव्ही मोडीत काढली गेली. असाई आणि पंजाब इंग्लंडला नेल्या होत्या. चाकं काढून पंखा बसवायचा बेत होता, पण आरमारच उरलं नाही आणि दोन्ही जहाजं विक्रीला निघाली. लंडनचे जहाजमालक जॉन विलिस यांनी ती दोन्ही घेतली. नेहमी पांढरी हॅट घालणारे हे गृहस्थ जातिवंत दर्यावर्दी होते. त्यांनी असाई लगेच नफ्यात विकून टाकली आणि पंजाब स्वतःकडे ठेवली. इंजिन काढलं, चाकं काढली, कुशीच्या त्या पेट्या काढल्या आणि तीन डोलकाठ्या उभारून पूर्ण शिडं चढवली. आपल्या मुलखातल्या नदीचं नाव तिला दिलं : ‘ट्वीड’.

तिचं पहिलंच काम विलक्षण होतं. इराणच्या आखातात समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकायची होती, म्हणजे मुंबई आणि लंडन तारेने जोडले जाणार होते. लंडनला तयार झालेली हजार मैलांहून लांब केबल पाच शिडाच्या जहाजांत गुंडाळून भरली आणि मुंबईमार्गे आखाताकडे रवाना झाली. त्या पाचांत ट्वीड होती, आणि दुसऱ्या मालकाकडे गेलेली तिची बहीण असाईसुद्धा. आखातात त्यांना ओढायला होत्या मुंबईच्याच जुन्या चाकी आगबोटी, त्यांत झेनोबिया. १८६४ च्या फेब्रुवारीत ग्वादरहून केबल टाकायला सुरुवात झाली आणि ती इराकच्या तोंडाशी फाओपर्यंत गेली. १८६५ साली तुर्कस्तानातून जाणाऱ्या तारांशी जोड पुरी झाली आणि हिंदुस्थानची बातमी युरोपात तारेने पोचू लागली.

पस्तीस वर्षांपूर्वी ‘ह्यू लिंडसे’ने मुंबईची टपाल महिन्याभरात सुएझला नेली तेव्हा लोकांना केवढं नवल वाटलं होतं! आता मुंबईत बांधलेल्या जहाजाच्या पोटातून उतरलेल्या तारेने निरोप त्याहून कितीतरी कमी वेळात जाणार होता. आणि ते घडवणारं जहाज स्वतः मात्र इंजिन गमावून पुन्हा वाऱ्यावर चालत होतं.

वाऱ्यावरची बोट

नंतर जे झालं त्याची अपेक्षा कदाचित विलिस यांनीही केली नसेल. ट्वीड वेगवान निघाली, आणि तीसुद्धा थोडीथोडकी नाही. कप्तान विल्यम स्टुअर्ट यांच्या हाताखाली ती हिंदुस्थान, चीन, ऑस्ट्रेलिया अशी फिरली आणि जिथे गेली तिथे तिच्या जलद फेऱ्यांची चर्चा झाली. पुढे स्टुअर्ट ‘लॉक एटिव्ह’ या जहाजावर गेले, आणि १८८०–८१ साली त्यांच्या हाताखाली तिसरा मेट म्हणून एक पोलिश तरुण होता : जोसेफ कॉनरॅड, पुढचे मोठे कादंबरीकार. ‘द मिरर ऑफ द सी’ या आपल्या पुस्तकात कॉनरॅड यांनी या कप्तानाची आणि ट्वीडची आठवण लिहिली आहे. ट्वीडने हाँगकाँग ते सिंगापूर या मार्गावर टपालाच्या आगबोटीला दीड दिवसाने मागे टाकल्याचं ते सांगतात. युद्धनौकांवरचे अधिकारी तिच्या शिडांची मापं घ्यायला यायचे, हेही. कप्तानाचा जीव त्या जुन्या सागवानी जहाजात किती गुंतला होता, ते त्या पानांवरून कळतं.

ही जादू कुठून आली? उत्तर जहाजाच्या आकारात आहे. चाकी जहाजाच्या कुशींना चाकं बाहेर काढावी लागतात, म्हणून पोट फुगवता येत नाही. जहाज लांब आणि सडपातळ ठेवावं लागतं, आणि युद्धनौकेला वेग हवा म्हणून नाळ धारदार. व्यापारी जहाजाचा मालक मालाला जागा मिळावी म्हणून पोट फुगवतो आणि वेग गमावतो. ट्वीडमध्ये उलट घडलं. आकार वेगाचा होताच. मधलं अवजड इंजिन आणि कोळसा निघाल्यावर मोठी मोकळी जागा मिळाली, आणि चाकं गेल्यावर पाण्याला अडवणारं काही उरलं नाही. शिवाय सागाचा सांगाडा इतका दणकट होता की वादळी वाऱ्यातही शिडं न उतरवता कप्तानाला ती पुढे दामटता येई. लेच्यापेच्या जहाजाचे सांधे असा ताण सोसत नाहीत. खाच आणि जीभ घालून एकेक फळी जोडणाऱ्यांची पुण्याई अशा वादळात कामी येत होती.

विलिस यांना चहाच्या शर्यतीसाठी नवं जहाज हवं होतं तेव्हा त्यांनी तरुण आराखडाकार हर्क्युलिस लिंटन याला गोदीत कोरडी उभी असलेली ट्वीड दाखवायला नेलं. लिंटनने तिची नाळ मनात धरली, मागचा भाग स्वतःच्या बुद्धीने बदलला आणि ‘कटी सार्क’ आकाराला आली. २२ नोव्हेंबर १८६९ रोजी ती पाण्यात उतरली. त्याच्या पाचच दिवस आधी, १७ नोव्हेंबरला, सुएझचा कालवा सुरू झाला होता. त्या कालव्यातून चहा आगबोटी आणू लागल्या आणि शिडाच्या चहावाहू जहाजांचे दिवस भरले. कटी सार्क लोकरीच्या वाहतुकीकडे वळली आणि तिथे तिने नाव कमावलं.

ट्वीड अजून जवळजवळ वीस वर्षं चालली. १८८८ साली दक्षिण आफ्रिकेजवळच्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या. दुरुस्ती परवडण्यासारखी नव्हती, म्हणून ती तिथेच मोडली गेली. पण लाकूड मोडण्यासारखं नव्हतं. तिच्या सागाच्या तुळया पोर्ट एलिझाबेथमधल्या एका चर्चच्या छपराला लागल्या. चौतीस वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेलं लाकूड अजून घर धरायच्या लायकीचं होतं.

काय राहिलं

या जहाजाच्या आयुष्यात त्या काळची प्रत्येक नवी गोष्ट येऊन गेली : वाफ, चाक, जबर तोफा, तारायंत्र. एकेक आली आणि एकेक जुनी झाली. चाकाला पंख्याने घालवलं, लाकडाला लोखंडाने, शिडाला आगबोटीने. मुंबईच्या गोदीतल्या लाकडी जहाजबांधणीचे दिवसही त्याच पावलांनी सरले. टिकलं ते नीट निवडलेलं लाकूड, नीट मारलेला सांधा आणि पाण्याशी भांडण न करणारा आकार.

गोदीचा तो भाग आजही आहे. दोनशे वर्षांहून जुनी डंकन डॉक नौदल गोदीच्या आत उभी आहे आणि सीएसएमटीला उतरून फोर्टमधून लायन गेटकडे चालत गेलं की तिची उंच दगडी भिंत लागते. रोज लाखो उपनगरवासी तिथून हाकेच्या अंतरावर कामाला येतात. वर्सोव्यात किंवा गोराईत कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांच्या फळ्या ठोकणारा सुतार अजून दिसतो. हातोड्याचा तो आवाज त्या भिंतीमागे एके काळी शेकडो हातांनी घुमत होता. वाडियांची नावं इतिहासात राहिली, आणि ती राहायलाच हवीत. अर्देशीरच्या नावाने १९६९ साली टपाल तिकीटही निघालं. त्यांच्या हाताखालच्या सुतारांची, लोहारांची, फळ्यांचे सांधे भरणाऱ्यांची नावं राहिली नाहीत. पण त्यांच्या कामाची परीक्षा समुद्राने चौतीस वर्षं घेतली आणि तो निकाल कोणी बदलू शकत नाही.

म्हणून पुढच्या वेळी लेकीने ग्रिनिचला नेलं, तर फोटो काढण्याआधी कटी सार्कच्या नाळेखाली क्षणभर उभं राहावं आणि वर बघावं. मग जवळच्या नातवाला सांगावं, की या टोकाचा आकार ज्या जहाजावरून घेतला ते आपल्या मुंबईत बांधलं होतं. आजीच्या घरावरून पहिली आगगाडी गेली, त्याच्या पुढच्याच वर्षी.